चार बोटं खाली

लिफ्ट-तपासनिसाने आपण राहतो त्याच इमारतीच्या लिफ्टला सील लावलं, तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि अकराच्या गाडीने त्याच्या सासूबाई यायच्या होत्या. घर सातव्या मजल्यावर. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी गुडघ्यांचं कारण सांगून सासूबाईंनी लेकीच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. या वेळी बायकोने महिनाभर मनधरणी केली होती. "दारात लिफ्ट आहे गं आई, जावई त्याच खात्यात आहे," अशी हमी दिली होती.

ही तपासणी खरं तर सहकाऱ्याची. तो आजारी पडला म्हणून कागद याच्याकडे आला. लिफ्ट मजल्याशी किती सपाट थांबते, हे तो पोलादी पट्टीने मोजत असे. बोटभर फरक चालतो. सातव्यावर चार बोटं भरली. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजलं, मग पट्टी उलटी धरून मोजलं. लिफ्ट आपली चार बोटं खालीच. ब्रेक पार झिजला होता. बाहेर पडताना सगळे रहिवासी बारीकशी उडी मारत. तोही मारायचा, आणि ती घरी आल्याच्या आनंदाने निघते असं समजायचा.

ज्या लिफ्टमध्ये आपलं माणूस बसवायचा धीर होत नाही, तिच्यावर सही करायची नाही, हा त्याचा नियम होता. त्यापायी वीस वर्षांत त्याला एकदाच बढती मिळाली होती, तीही चुकून.

स्टेशनवरून बायकोचा फोन आला.

"अहो, शेजारच्या काकू म्हणतात लिफ्ट बंद केली. कुणी?"

"मी."

"आज?"

"ब्रेक झिजलाय गं."

"इतकी वर्षं झिजत होता, आणखी दोन आठवडे झिजला असता! आता आईला काय पाठीवर घेऊन चढणार?"

तो यावर खरोखरच विचार करू लागला, तोवर फोन बंद झाला होता.

इतक्यात जिन्यावरून सपाता वाजल्या. नवव्या मजल्यावर राहणारे त्याचे साहेब नऊ मजले उतरून आले होते, त्यामुळे राग नाकाच्या शेंड्यावर होता.

"तुम्ही? काढा ते सील! सोमवारची तारीख टाका, सोमवारी लावा."

"साहेब, सोमवारपर्यंत थांबायचं हे लिफ्टला कोण सांगणार?"

"तुमच्या बदलीची फाइल माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे, साहेब." तो सीलसमोरून हलला नाही. "तुम्ही वरिष्ठ आहात. तुम्ही सही करा, मी सील काढतो. फक्त सही करणाऱ्याने आधी आत उभं राहून, पूर्ण भार घालून एक फेरी मारायची असते."

"पूर्ण भार म्हणजे?"

"दहा माणसं. घरची चालतील."

साहेबांनी लिफ्टकडे पाहिलं, तपासनिसाकडे पाहिलं आणि ते जिन्याकडे वळले. "बघतो तुम्हाला!" चौथ्या मजल्यापर्यंत धमक्या ऐकू आल्या, पुढे नुसता श्वास.

थोड्या वेळाने टॅक्सी आली. बायको उतरली ती त्याच्याकडे न बघताच. सासूबाई मात्र सीलसमोर उभ्या राहिल्या.

"बंद म्हणजे अगदी बंद?"

"हो, आई. माफ करा."

"मी असेपर्यंत चालू नाही व्हायची?"

"पंधरा दिवस तरी नाही."

सासूबाईंचा चेहरा उजळला. पिशवी खांद्याला लावून त्या अशा चढायला लागल्या की मागून बॅग आणताना जावयालाच धाप लागली. बायको कुलूप उघडायला पुढे गेली, तशा त्या तिसऱ्या मजल्यावर थांबल्या.

"जावईबापू, गुडघे ठणठणीत आहेत माझे. त्या डबीचं दार लागलं की जीव घाबरा होतो. पण लिफ्टवाल्या जावयाला हे सांगायचं कसं? लेकीला बोलू नका हं."

पाचव्या मजल्याच्या पायरीवर साहेब बसले होते. सासूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या. लिफ्ट बंद करणाऱ्याचं भलं होवो, नाही का?"

नाही म्हणायला लागणारा श्वास साहेबांकडे नव्हता. त्यांनी मान हलवली आणि पाणी प्यायलं.

"माझ्या मुलीच्या इमारतीतही," बाटली परत देत ते म्हणाले, "बाहेर पडताना उडी मारावी लागते. नातवंडांना फार आवडते ती. सोमवारी नको. आजच जाऊन बघाल का?"

"जेवून निघतो, साहेब."

सातव्यावर बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. आई हसत येतेय आणि नवरा धापा टाकतोय, हे तिला झेपेना.

"गुडघ्यांचं काय झालं? आणि तिसऱ्यावर काय कुजबुजत होतात दोघं?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"तपासणी चालू आहे," तो म्हणाला. "अहवाल पंधरा दिवसांनी."