साठ घटिकांच्या शांततेची हकीकत

श्री. धरणीमातेस नमन, तिजवर उभ्या भिंतींस नमन, आणि भिंतींवरील तुळयांस दोन वेळा नमन. शके सोळाशे आणि वर काही. पुढील आकडा लिहितेसमयी लेखणी हलली, तो लागत नाही. मार्गशीर्ष मास, वद्य पक्ष, थंडी पुष्कळ.

"तिसऱ्यांदा ताक सांडलं बाई! आता माझ्याच हाताला नावं ठेवा, दुसऱ्या कुणाला ठेवायची सोय राहिली नाही," ऐसे हंसाई सुईण राजकन्येच्या राहुटीत पुटपुटली. राजकन्या दिपाऊसाहेब पहिल्या बाळंतपणास माहेरी आलेल्या, नववा मास सरत आलेला, लोडास टेकून बसल्या होत्या. त्या हसल्या, आणि हसता हसता पोटावर हात ठेवून थांबल्या. "बाळ हललं का, अक्कासाहेब?" हंसाईने पुसिले. "बाळच असेल," म्हणाल्या. दोरीवरील ओले लुगडे मात्र एकटेच झुलत होते, आणि दोघींनी तिकडे पाहिले नाही. ताक कोणी सांडले, ते आरंभापासून लिहिणे प्राप्त आहे.

सत्तावीस दिवसांमागे एके पहाटे धरणीने अंग झाडिले आणि राजधानी बसली. महाराणीसाहेब देवघरात होत्या, त्या देवघरासह गेल्या; महाराज अंगणात दातण करीत होते म्हणोन राहिले, आणि पुढे दातणास हात लाविला नाही. मग सारे राज्य माळावर राहुट्या ठोकून राहिले. एक वास्तू तेवढी उभी होती, ती दगडी बाळंतघर. या घराण्याच्या सात पिढ्या तेथे जन्मल्या, महाराजही तेथेच. आणि लेकीचे बाळंतपण तेथेच व्हावे हे महाराणींचे अखेरचे बोलणे, तेव्हा महाराजांचा जीव त्या दाराशी अडकून राहिला. मग राजज्योतिषी भानजोशी यांनी तोड काढिली, की धरणी सलग साठ घटिका, म्हणजे एक दिवस एक रात्र, स्थिर राहील तेव्हा आत जावे, आधी जाऊ नये. मोजणीचे काम रायाजी घटकीकडे आले. त्याजपाशी पाण्याचे घंगाळ, त्यात तळाशी बारीक भोक असलेले तांब्याचे पात्र तरंगत असे. ते भरून बुडाले की एक घटिका जाहली, की रायाजीने थाळीवर टोला द्यावा. धरणी हलली तर मोजणी मोडावी आणि पहिल्यापासून धरावी. ऐशी ती कैक वेळा मोडली, कधी चारावर, कधी चाळिसावर. एकदा अठ्ठावन्नावर मोडली आणि रायाजी "पहिल्यापासून" म्हणाला, तेव्हा महाराज राहुटीचा खांब धरून रडले, आणि ते सर्वांनी पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले.

दुसरे दिवशी सूर्योदयास मोजणी पुन्हा धरिली, आणि तीन टोले होतात न होतात तोच घोडे खिंकाळले आणि मांडलेली भांडी आपसांत बोलू लागली. महाराजांनी पुसिले, "हे काय?" भानजोशी जन्मात खोटे बोलले नव्हते, त्यांनी महाराजांच्या मुखाकडे पाहिले आणि म्हणाले, "वारा, महाराज." मग कारभारी म्हणाले, वारा. मग स्वयंपाकी म्हणाले, वारा, आणि तोही गार किती! निशाणाचे कापड काठीस चिकटून लोंबत होते. कोणी कोणास दम दिला नव्हता. केवळ मायेने सर्व जन खोटे बोलते जाहले, आणि मायेच्या खोट्यास मागे फिरता येत नाही.

आता घंगाळाचे ऐका. धरणी हलली की पाणी हिंदकळावे आणि अर्धे भरले पात्रही बुडावे. पात्र बुडाले की टोला द्यावा, का बुडाले हे चाकराने पुसू नये, ही रायाजीच्या घरची बापजाद्यांपासूनची रीत. वारा म्हटल्यावर मोजणी तर मोडावयाची नाही. तेव्हा रायाजीने टोला दिला. ऐसा प्रत्येक हिसका शांततेची एक घटिका होऊन बसला, आणि धरणी जितकी अधिक हले तितकी शांतता लौकर भरू लागली. रायाजीस हे तिसऱ्याच खेपेस उमगले, परंतु त्याने मान वर केली नाही.

मग त्या दिवशी ऐसे जाहले की सूर्य माथ्यावर आणि टोले तीस, म्हणजे अस्तमान. तेव्हा भर उन्हात समया लाविल्या, ज्योती दिसेनात, आणि गुरे अर्धपोटी वळविली. पुढे पंचेचाळीस टोले जाहले, म्हणजे मध्यरात्र. तेव्हा सारे राज्य माळावर पांढऱ्या उन्हात पांघरुणे तोंडावर ओढून निजले, पहारेकरी शेकोटीस हात शेकीत घामाघूम जाहले, आणि कुत्री तेवढी जागी राहून माणसांच्या रांगांमधून हिंडत एकेकाचा वास घेऊ लागली. भुईखालून जाते ओढल्यासारखी घरघर येई, आणि निजलेल्यांतून कोणी हळूच म्हणे, "वारा पडेना बाई." दुसरे कोणी म्हणे, "नीज गे."

साठावा टोला पडला तेव्हा सूर्य पश्चिमेस डोंगराला टेकला होता, लाल. भानजोशी तिकडे तोंड करून ओंजळीत पाणी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उगवला." पक्षी झाडांकडे परतत होते. मग महाराज लेकीचा हात धरून बाळंतघराशी आले. आत त्यांनी स्वहस्ते झाडून महाराणींची जुनी दुलई बाजेवर अंथरिली होती, तिचा एक कोपरा दुमडून ठेविला होता, जसा त्या ठेवीत असत. महाराज उंबऱ्यावर पाय ठेवून म्हणाले, "ये बाळे. साठ जाहल्या. आता भय नाही." तोच दाराच्या वरल्या शिळेतून पिठासारखी माती गळून त्यांच्या पागोट्यावर पडली. सर्व जन पागोट्याकडे पाहात राहिले. कारभाऱ्यांनी "वा" इतके अक्षर काढिले आणि पुढचे गिळले. हंसाईने सवयीने पुसिले, "बाळ हललं का, अक्कासाहेब?"

दिपाऊसाहेबांनी दोन्ही हात पोटावर ठेविले, पुष्कळ वेळ ठेविले, आणि म्हणाल्या, "नाही गे. आबासाहेब, बाळ दुपारपासून निजलं आहे. हलते आहे ती भुई."

रायाजीने पात्र घंगाळातून काढून पालथे घातले. महाराजांनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला, लेकीस धरून पन्नास पावले माळावर आणिले, आणि तेथे खाली बसून भुईवर तळहात ठेविला, आणि म्हणाले, "होय. रोज हलते. आम्हांस फार भय वाटते, बाळे."

इतकी हकीकत. बाळंतपण माळावर सुखरूप जाहले. दुलई हंसाईने आत धावत जाऊन आणिली, येताना भुईस शिव्या घातल्या, आणि त्या मोठ्याने घातल्या.