शून्यावर आलेला काटा

कोणतीही गोष्ट विनाअडथळा पुढे जाणे निसर्गाच्याही नियमात बसत नाही आणि शासनाच्याही. तरी काही पदार्थांचा पातळ थर भयंकर गार केला, की त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि वीज कुठेही न अडता वाहते. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि हे नुसत्या द्रव नायट्रोजनच्या गारव्यातही साधते, हा शोधही ताजा होता. तेव्हा पेडण्यातल्या एका विद्यालयाने तो जाहीरपणे दाखवायचे ठरवले.

व्यवस्थापनाचे अध्यक्ष गोकुळदासबाब यांनी अट घातली. विजेचा अडथळा मोजणाऱ्या यंत्राचा काटा शून्यावर आला तर प्रयोगशाळेची खोली विज्ञानाच्या जयराम सरांकडे राहील, नाहीतर ती शिवणवर्गाला जाईल. सरांची झोप उडाली. थर बंगळूरच्या मित्राने पाठवला. गार करायला द्रव नायट्रोजन डिचोलीच्या गुरांच्या रेतन केंद्रातून स्कूटरवर आला (त्यात जातिवंत वळूंचे वीर्य ठेवतात, वळूंची हरकत आली नाही).

प्रयोगाच्या दिवशी भरल्या सभागृहात सरांनी नायट्रोजन थरावर ओतला. पांढऱ्या वाफा उसळताच पहिल्या रांगेतल्या देवकीबायने हात जोडले. सर बटणाकडे धावले.

"गाऱ्हाणां घातल्याबगर? खुळो काय रे तू, मास्तर?" गोकुळदासबाब कडाडले.

गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे, म्हणजे साकडे, घालण्याचा मान असलेले यशवंत गावकर पुढे आले. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांच्या विजेक कोण आड येत असात, तर तेका दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभागृह म्हणाले.

तालुक्यातला एकही देव सुटला नाही. मग आभार कोकणीत की मराठीत, यावर वाद पेटला. दोन्हींत मानावेत, असे ठरले. नायट्रोजन कुठल्याच भाषेसाठी थांबला नाही, उडून गेला. शेवटी गोकुळदासबाबांनी यंत्राला झेंडूचा घसघशीत हार घातला.

सरांनी देवाचे नाव घेऊन बटण दाबले. काटा शून्यावर! टाळ्यांनी कौले हादरली.

सर आनंदाने उडणार, तोच त्यांना दिसले, की हारात अडकून बॅटरीची तार निघाली आहे. वीज घरातून निघालीच नव्हती, मग तिला अडवणार कोण? गप्प बसले तर खोली वाचत होती. पण सर प्रामाणिक निघाले (ही खोड बदलीनेही जात नाही).

"मंडळी," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "तार सुटली, म्हणान काटो शून्यार असा. प्रयोग फसलो!"

"व्हय म्हाराजा!" सभागृह गरजले, आणि खोली एकमताने सरांनाच मंजूर झाली.

आपण हसलात. पण वर इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात असे लिहिले, तेव्हा का आणि कशा, हे विचारलेत? मान डोलावून पुढे गेलात. तेव्हा मनात जे म्हणालात, ते आता जरा मोठ्याने म्हणा.