पक्का पिवळा

उमरेडहून वामनराव स्थळ बघायला येणार, म्हणून नागपूरच्या टिमकीतल्या श्रावणने सकाळीच स्वतःचा चेहरा कामाला घेतला. वामनरावांची पुष्पलता त्याने जत्रेत पाहिली होती, आणि तेव्हापासून मागावर बसला की त्याचा धोटा भलतीकडेच जायचा. ती गोरी, आणि हा उन्हाळाभर सूत वाळवून काळवंडलेला. आई वच्छलाबाई अंगण सारवत होत्या, तेवढ्यात त्याने वाटीत साय, बेसन आणि चुलीवरच्या फळीवरची हळद कालवली. चांगला जाड थर दिला आणि तो सुकेपर्यंत डोळे मिटून बसला.

कोष्ट्याच्या घरी पावसाळ्यात रंगाची पूड सर्दळू नये म्हणून चुलीजवळच ठेवतात. श्रावणला हे ठाऊक नव्हतं असं नाही, रंगाचा डबा त्यानेच तिथे ठेवला होता. पण प्रेमात पडलेला माणूस डब्यांचे वास घेत बसत नाही.

थर धुतला, तर खालून झेंडूसारखा पिवळाजर्द चेहरा निघाला. साबण झाला, रिठे झाले, शेवटी वच्छलाबाईंनी रडत रडत राखेने घासला. चेहरा लखलखला, रंग मात्र तसूभर हलला नाही. तेवढ्यात दारात वामनराव उभे.

त्यांनी पोराचं तोंड पाहिलं आणि चपला काढायचं थांबवलं.

"बाई, पोराले हळद लागून राहिली, अन् आम्हाले बोलावलं काहून? दुसरीकडं जमलं त सांगाचं होतं."

वच्छलाबाईंनी देवाच्या शपथा घेतल्या, पण हळदीच्या तोंडापुढे शपथ काय चालणार? वामनराव वळले. पुष्पलता हातची जाते हे दिसल्यावर श्रावणने लाज सोडली.

"मामाजी, हळद नोहे. लुगड्याच्या पदराचा रंग आहे. गोरं व्हाले लावला, डबा चुकला."

वामनरावांना ते पटेना. त्यांनी उपरण्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि श्रावणचा गाल खसाखसा घासला. उपरणं पांढरंच राहिलं. त्यांनी दुसराही गाल घासून पाहिला. मग चपला काढून ते शांतपणे ओट्यावर टेकले. यंदा त्यांच्या स्वतःच्या मागावरच्या लुगड्यांच्या पिवळ्या काठांनी पहिल्याच धुण्यात रंग सोडला होता आणि व्यापाऱ्याने गठ्ठाच्या गठ्ठा परत केला होता.

"सुताले रंग कोण देते तुमच्या घरी?"

"मीच देतो, मामाजी."

"पोरगा कामाचा आहे," वामनराव वच्छलाबाईंना म्हणाले. वच्छलाबाईंचा जीव भांड्यात पडला. चहा झाला, पोहे झाले आणि लग्नाचं बोलणंही झालं. श्रावण गोरा की काळा, हे कोणी विचारलंच नाही.

निघताना वामनराव म्हणाले, "पुढच्या बुधवारी पुष्पलतेले घेऊन येतो. तिलेही पाहू दे, रंग किती टिकते ते."

संध्याकाळी वच्छलाबाईंनी मुद्दाम पाणी तापवलं, नवा साबण काढला आणि पोराला हाक मारली. श्रावण जागचा हलला नाही.

"राहू दे वं माय," तो गाल सांभाळत म्हणाला. "बुधवारपर्यंत मी तोंड धूत नाही."