किसनजी मास्तरांचं इज आणि आर

अमरावतीच्या बाजारात किसनजी मास्तरांना रामराम घातला की उलट रामराम येत नसे, सवाल येई, "सांग, कापूस इज का आर?"

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गोरे खरेदीदार घोड्यांवरून यायचे. मी दलाल, मास्तर दुभाषी. माझं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांच्याच हातचं.

"कापूस कितीबी असो, इज. गाड्या दोन झाल्या का आर. अर्धा कापूस इज, अर्ध्या गाड्या आर. ध्यानात ठेव, बाप्पा!"

माझ्याकडे जेवायला बसले तरी ताटाकडे बोट: "वरन इज. भाकरी दोन, म्हून आर."

एकदा तेल्हारा गावाहून कापसाच्या गाड्या आल्या. सौदा जमतच आला होता. साहेबानं कापसात हात घातला आणि गुरगुरला, "हाफ द कार्ट्स इज वेट!" अर्ध्या गाड्या ओल्या!

आता मास्तरांनी भाव सांभाळायचा की नाही? ते ओरडले, "साहेब, आर!"

साहेब लालबुंद झाला आणि घोड्यावर बसून चालता झाला.

"काहून गेला जी साहेब?" गाडीवाला गोंधळला.

"गाड्या इतक्या उभ्या, आन् हा इज म्हनून राह्यला!"

संध्याकाळी साहेबाचा निरोप आला: दुभाष्यानं माफी मागावी, नाहीतर दुसरा बघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मास्तरांचं मन वळवायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं.

आत बाजेवर त्यांची बायको पडून होती. अर्धांगाच्या झटक्यानं एका बाजूचं अंग गेलेलं. मास्तर तिच्यासमोर साहेबाच्या ऐटीत फेऱ्या मारत होते. "टेन कार्ट्स इज हिअर!"

"आवो, आर!" ती म्हणाली. "चुकले तुमी!"

मास्तरांनी कान पकडले, जीभ चावली. ती खुदकन हसली.

मला पाहून ते ओट्यावर आले. "दिवसभर पडून राह्यते बिचारी. मी चुकलो का हासते," ते हळूच म्हणाले. "म्हून चुकतो."

मी भीत भीत निरोप सांगितला. मला वाटलं, आता भडकतील.

"उद्या वैद्य येनार हाये तिच्यासाठी, पैसे लागतीन," एवढंच म्हणाले आणि पागोटं चढवलं.

साहेबापुढे ते वाकले. "साहेब, चूक माह्यी. इजच बरोबर."

परतताना वाटेत त्यांनी माझा हात धरला.

"घरी सांगू नको बरं. तिले लई वाईट वाटंल."