जनूकाका फ्लॅश मारत नाहीत

जनूकाका भोईर आमच्याकडे आले की चप्पल काढायच्या आधी ट्यूबलाइट बंद करतात. मग गळ्यातला कॅमेरा सरसावतात आणि फर्मावतात, "बसा जागच्या जागी. स्वास सोडू नका."

कात्रपला ते आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि उल्हासनगरातून जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आले. सिंधी दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "साईं, फ्लॅश छोडके सब चलता है." काकांनी त्याचं तत्त्वज्ञान करून टाकलं. "फ्लॅश काय, कोनी पन मारंल. उजेडात गाढव पन फोटो काढतंय."

अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात कॅमेरा हलला की फोटो बोंबलला, एवढं शास्त्र त्यांना पक्कं कळलंय. स्टँडच्या जागी ते दोन किलो तांदळाची पिशवी वापरतात. ती आमच्या चपलांच्या कपाटावर ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा आणि टायमर लावायचा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवला की फोटोवर दाणे दिसू लागतात. त्याला काका "रवा पडला" म्हणतात. कधी बारीक, कधी जाड.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी घरातला एकूण एक दिवा घालवला आणि मेणबत्तीच्या उजेडात बारा पोरांना श्वास रोखून बसवलं. पोरं लालबुंद झाली, मेण केकवर गळलं आणि फोटोत माझ्या सासऱ्यांना दोन नाकं आली. सासरे भडकले. काका शांतपणे म्हणाले, "कॅमेरा नाय हालला. तुमी हाललात." पुढच्या आठवड्यात तो फोटो फ्रेम करून त्यांनी सासऱ्यांनाच भेट दिला.

त्यांना खरा हवा होता एकच फोटो, काकूंचा. दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या सावरल्या, पण ओठ एका बाजूला वाकडा राहिला. तेव्हापासून त्या उजेडात कोणासमोर बसत नाहीत, फोटो तर नाहीच नाही. मी एकदा म्हटलं, "काका, सरळ दिवसा काढा ना." ते म्हणाले, "ती उजेडात येत नाय. मग मीच अंधारात शिकतो." त्यानंतर मी ट्यूबलाइटवरून कधी कटकट केली नाही.

परवा दिवेलागणीला त्यांनी मला मदतीला बोलावलं. काकू देवापुढे निरांजन लावून बसल्या होत्या, पदर तोंडावर धरून. काका तांदळाची पिशवी सारखी करत राहिले. बऱ्याच वेळाने काकूंनी आपणच पदर खाली घेतला. शटर उघडलं, मिटलं.

फोटो लख्ख आला. वाकडा ओठ तर इतका स्पष्ट, की मी काकूंकडे बघायचंच टाळलं. काकांनी भीत भीत कॅमेरा काकूंच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "कुंकू फिसकटलंय माजं. थांबा, नीट लावून येते. आनखी एक काढा."

काकू आत गेल्या. काकांनी पिशवीवर कॅमेरा बसवला, पुन्हा उचलला, पुन्हा बसवला. शेवटी तो माझ्याकडे देत ते म्हणाले, "तूच काढ. मी बसतो तिच्या बाजूला."