वीस वर्षांनंतरच्या पायऱ्या

नौपाड्यातले आमचे शेजारी भास्करराव प्रत्येक गोष्ट वीस वर्षं पुढे नेऊन बघत. स्टेशनजवळ त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. बिजागरी मागितली तर विचारत, "दार कसलं?" आंब्याचं म्हटलं की, "वीस वर्षं टिकायचं नाही. आधी दार बदला." गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. "जाऊ दे. दार मोडलं की येईल."

हा माणूस एकटा. बायको नाही, मूल नाही. मग वीस वर्षांनंतरची एवढी काळजी कोणासाठी? मला संशय येई. रविवारी मी त्यांच्याकडे बुद्धिबळाला जायचो. पटावर त्यांना दोन खेळ्यांपुढचं दिसत नसे, पण मी पायऱ्या चढताना ते टक लावून माझ्या पायांकडे बघत.

एके दिवशी त्यांनी चांगल्या पायऱ्या फोडल्या. पूर्वी आठ-आठ इंचांच्या सहा होत्या, आता चार-चार इंचांच्या बारा झाल्या आणि आमच्या कुंपणाच्या दिशेनं पसरल्या. मी टेप लावला. शेवटची पायरी कुंपणापासून अडीच फुटांवर.

मग म्हणाले, "इथे कुंपणाला लहानसं फाटक ठेवू या का?"

आमच्या अंगणातून मागच्या गल्लीत जाता येतं. आणि वीस वर्षं वाट वापरली की वहिवाटीचा हक्क लागतो, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं! आता सगळं जुळलं.

"सहीशिवाय हो म्हणू नका," ही म्हणाली.

मी कागद करून नेला: 'सदर वाटेवर मी कधीही हक्क सांगणार नाही.' भास्कररावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सही केली.

"कागद चोख आहे. पण नाव चुकलंय."

"कोणाचं?"

"माझं. मी कशाला येतोय त्या वाटेनं? येणार तुम्ही. रस्त्यानं वळसा ऐंशी पावलांचा आहे, मी मोजलाय. तुमचा उजवा गुडघा आत्ताच धरतो. वीस वर्षांनी आठ इंचांची पायरी चढाल?" ते पटावर सोंगट्या मांडू लागले. "तुम्ही आला नाहीत, तर दुसरं कोण येणार आहे?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

"फाटक किती रुंद?" मी विचारलं.

"अडीच फूट पुरे."

"तीन करा," मी म्हणालो. "तेव्हा हातात काठी असेल."