सात नंबरच्या तुफानाचे कपडे

"लिही," देवदत्तमामा म्हणाले. "देवदत्त त्रिलोकेकर. उंची पाच फूट चार इंच, पण नजर गगनचुंबी. ज्याची नुसती भुवई वर गेली, की दादरपासून गिरगावापर्यंतचे गुन्हेगार, कंसात, थरथर कापतात."

"कंसात का?" अनुजाने विचारलं.

"अजून पुरावा नाही ना. मी शास्त्रशुद्ध माणूस आहे."

शिवाजी पार्कजवळच्या त्यांच्या दारावर 'रहस्यभेदक. वेळ : ४ ते ६' अशी पाटी होती. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मामांनी ती स्वतःच्या हाताने ठोकली होती, आणि ती ठोकताना अंगठाही. आजवर त्यांनी तीन प्रकरणं हाती घेतली. तिन्हींचा उलगडा झाला. एकदा दूधवाल्याने केला, एकदा मोलकरणीने आणि एकदा तर खुद्द चोराने घरी येऊन. सख्खी भाची म्हणून अनुजाकडे वही, छत्री आणि मामांची बीपीची गोळी सांभाळायचं काम होतं.

त्या रविवारी लवू परब चार वाजायला दहा मिनिटं असताना आला, म्हणून मामांनी त्याला दहा मिनिटं जिन्यात उभं ठेवलं. लवू म्हणजे टीव्हीवरच्या 'तुफान तावडे' या विनोदी मालिकेतला सुपरहिरो. पहिल्या सीझनला अनुजा ती न चुकता बघायची. तेव्हा तुफान तावडे अडकलेली लिफ्ट खांद्यावर घेऊन वर न्यायचा, मुजोर टँकरवाल्याला उलटा टांगायचा आणि घरी येऊन आईची बोलणी खायचा. मग लेखकाचं डोकं आटलं आणि चौथ्या सीझनला त्याला समांतर दुनिया सापडल्या. बघता बघता अकरा झाल्या. प्रत्येकीत एकेक तुफान. एक मेला की दुसऱ्या दुनियेतून नवा आणायचा, त्यामुळे कोणी मेला तरी कोणाला सुतक नाही. कोण कुठला हे कळेनासं झालं तेव्हा अनुजाने मालिका सोडली. तिच्या ओळखीत सगळ्यांनीच सोडली होती.

"ड्रेस गेला हो माझा," लवू म्हणाला.

"कितव्या दुनियेतला?"

"सगळ्यांचा एकच आहे. बजेट कुठाय? नुसता पट्टा बदलतो आम्ही. एक नंबरला लाल, सात नंबरला हिरवा. सातवाला मेला त्या सीनमध्ये पाठीला उसवला, म्हणून आईकडे शिवायला दिलेला. आज आणायला गेलो तर कपाट रिकामं."

"आईंना विचारलंत?"

"आईला?" लवू चक्रावला. "तिला काय माहीत असणार? ती तर घरीच असते."

मामांनी पसंतीची मान हलवली. लवू पुढे सांगू लागला. "उद्या सकाळी सातला शेवटच्या भागाचं शूटिंग आहे. ड्रेस नसेल तर निर्माता म्हणतो, टेन्शन नाय, बाराव्या दुनियेतून नवीन तुफान आणू. पंचवीस वर्षांचा पोरगा बघून ठेवलाय, नव्या ड्रेसचं मापपण घेतलंय. मी चव्वेचाळीसचा. मला पुन्हा कोण उडवणार? पोलिसांत गेलो तर हवालदार सेल्फी मागेल."

अनुजाला त्याची दया आली. लिफ्टच्या भागात ती याच माणसासाठी टाळ्या वाजवत उठून उभी राहिली होती.

लवूच्या आईचं घर करी रोडला, चाळ पाडून बांधलेल्या बावीस मजली इमारतीत चौदाव्या मजल्यावर होतं. लवू स्वतः स्टुडिओजवळ राहायचा आणि जमेल तेव्हा रविवारी येऊन जायचा. गेटवर वॉचमन राजेशने मामांना कडक सलाम ठोकला. उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून त्याने केबिनला लाल चकचकीत पडदा लावला होता. मामा त्याच पडद्याच्या सावलीत उभे राहिले आणि कपाळ पुसत म्हणाले, "लिही. प्रवेशद्वारी संशयास्पद काही नाही. वॉचमन टापटिपीचा."

दार मालनकाकींनी उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. "या, बसा," एवढंच म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

मामांनी भिंग काढलं आणि खोलीचा ताबा घेतला. खिडकीच्या ग्रिलवर केळीचं पान होतं, त्यावर सुकलेला भात, आणि एक कावळा ते शेवटचं शीत टिपत होता.

"हा रोजचा दिसतो. पाळीव कावळा!" मामा कुजबुजले. "आधी भात, मग रुमाल, मग ड्रेस. टप्प्याटप्प्याने शिकवलाय."

"मामा, त्या ड्रेसला टोपी, पट्टा आणि गुडघ्यांत स्पंज आहे."

"मग दोन कावळे."

कॅलेंडरवर मागच्या आठवड्यातल्या सोमवारपासून कालच्या शनिवारपर्यंत तेरा तारखांवर पेन्सिलीने काट मारलेली होती. मामांची भुवई वर गेली. "टोळी! तेरा दिवस पाळत ठेवून चौदाव्याला डल्ला."

"पण ड्रेस आज सकाळी नव्हताच."

"घाईत होते."

भिंतीवर लवूचा ड्रेसमधला, हिरव्या पट्ट्याचा मोठा फोटो होता. त्याला चंदनाचा हार, समोर विझलेली समई. अनुजा तिथेच थबकली.

"आईला माझं कौतुक फार," लवू मोबाइलवरून मान वर न काढता म्हणाला.

मामा फोटोकडे बघत होते आणि लवूकडेही. मग ते तीन पावलं मागे सरले. "सापडलं! ड्रेस चोरणारा लवू परबच आहे, पण हा नव्हे. समांतर दुनियेतला! किंवा तो हाच आहे आणि खरा तिकडे अडकलाय. बोल, तुझ्या आईचं नाव काय?"

"मालन."

"हे तर त्यालाही माहीत असणार!" मामा हताश होऊन खुर्चीत बसले.

काकी चहा घेऊन आल्या. अनुजाने कप बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "काकी, घरात कोणी गेलं का हो?"

काकींचा पदर डोळ्यांना गेला. "सात नंबरचो तुफान गेलो गो, माझो झिल, माझो लेक. काल तेरावा झाला तेचा."

लवूच्या हातातला मोबाइल खाली आला.

"सोमवारी टीव्हीवर गेलो तो," काकी म्हणाल्या. "तेरा दिवस देवाला हात लावला नाय मी. दहाव्याला पान ठेवलं तर कावळा शिवता शिवेना. तेका म्हटलं, बाबा, तुझ्या बायकोकडे लक्ष देईन, तेव्हा कुठे शिवला. आणि काल कपडे देऊन टाकले. मेलेल्याचे कपडे घरात ठेवतत काय?"

"आई! तो ड्रेस सगळ्यांचा होता!"

"हिरवा पट्टा होता तेका."

"पण सांगायचं तरी!"

"माका कोणी इचारल्यानच नाय."

"कोणाला दिलास?"

"खाली राजेशला. त्याची केबिन उन्हात तापता."

चौघंही खिडकीशी गेले. कावळा उडाला. चौदा मजले खाली लाल चकचकीत पडदा, म्हणजे तुफानची पाठीवरची झूल, वाऱ्यावर फडफडत होता आणि त्याच्या मधोमध सोनेरी 'तु' लखलखत होता.

"मी त्याच्याखालीच उभा होतो," मामा म्हणाले. "इतक्या जवळून कोणालाच दिसलं नसतं."

लवू दाराकडे धावला, पण काकी आडव्या आल्या. दिलेलं दान परत घेत नाहीत. घेतलं तर गेलेल्याचा जीव अडकून राहतो. लवूने हात जोडले, नोकरी जाईल म्हणाला, बारावा तुफान येईल म्हणाला. काकी रडत होत्या, पण हलत नव्हत्या. घड्याळात सहा वाजत आले होते.

"लवूदादा," अनुजा म्हणाली, "उद्याच्या भागात काय आहे?"

"नेहमीचंच. सगळ्या दुनियांमधले तुफान एकत्र येतात, आणि सात नंबरवाला..." लवू थांबला. मग त्याने आईचे खांदे धरले. "आई, तो मेला नाय! उद्या परत येतो तो! नुसता दुनियांच्या मधल्या फटीत पडलेला!"

त्या लेखकाला अनुजाने आजवर मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. त्यातल्या निम्म्या तिने तिथेच परत घेतल्या.

"खरा?" काकींनी विचारलं.

"तुझी शपथ."

"मेल्यांनो, आणि मी तेरा दिवस अळणी खातंय!" काकी कडाडल्या आणि चप्पल न घालताच लिफ्टकडे निघाल्या. जिवंत माणसाचे कपडे दान होत नाहीत हे राजेशलाही लगेच पटलं. घरातली जुनी फुलाफुलांची चादर त्याच्या केबिनला लागली, आणि ड्रेस वर आला. अंगरखा त्याने उशाला घेतला होता, तेवढा चुरगळला होता.

ड्रेसला इस्त्री करता करता काकींनी सगळ्यांना आमटीभात खायला घातला आणि स्वतःही पोटभर जेवल्या.

"आई," लवू हळूच म्हणाला, "अकरा होते. तू याचंच का एवढं केलंस?"

"तो आयशीक रोज संध्याकाळी फोन करायचो," काकी म्हणाल्या. "'जेवलीस काय?' इतकाच इचारायचो."

लवूने ड्रेसची घडी घालून तो पिशवीत भरला. पिशवी उचलून तो खाली गेला. मामांनी वहीत शेवटची नोंद लिहवून घेतली. प्रकरण चौथे, उलगडा संपूर्ण, कावळा निर्दोष.

तेवढ्यात काकींचा फोन वाजला. लवू अजून लिफ्टमध्येच होता, त्यामुळे आवाज तुटक येत होता, पण स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आला.

"आई, जेवलीस काय?"

"मेल्या, आत्ता तुझ्यासमोर जेवलंय ना!" काकी ओरडल्या. मग फोन कानाशी तसाच धरून त्या स्टुलावर चढल्या आणि फोटोवरचा हार काढून घेतला.

"काकी," मामांनी विचारलं, "तेराव्याचे लाडू उरलेत का हो?"